राजाची सौंसरला बदली

राजाची बदली सौंसरला झाली हे मला सगळ्यात आधी कळलं, कारण राजा तेव्हा माझ्याच ओसरीवर बसून चहात टोस्ट बुडवत होता.

"ऑर्डर निघाली जी," तो म्हणाला. "सोमवारी तिथं हजर व्हा म्हणते."

टोस्ट तुटून कपात पडला. आम्ही दोघंही त्या कपात बघत राहिलो आणि तो चमच्यानं बाहेर काढायचं भान कुणालाच राहिलं नाही.

हा राजा म्हणजे सुधाकर. रस्ते आणि पूल बघणाऱ्या एका सरकारी खात्यात ओव्हरसियर. खात्याचं नाव मी सांगणार नाही, त्याच्या पेन्शनचा प्रश्न आहे. मी हिरामण, पांढुर्ण्याच्या मंडीच्या ऑफिसात बाबू. दर गुरुवारी संध्याकाळी आमच्या ओसरीवर एक चौकडीची चादर अंथरली जायची. तिच्यावर मी शाईनं नदी, जंगल, घाट आणि किल्ला काढला होता. सुधाकर त्या मुलखाचा राजा. संत्र्याचा बगीचा असलेला गुणवंता त्याचा सेनापती. प्राथमिक शाळेतल्या विजयमालाबाई डाकूंच्या सरदार. दिवसभर पोरांना बाराखडी शिकवून झाल्यावर त्या संध्याकाळी आमचा खजिना लुटायच्या आणि लुटताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसायचं ते शाळेत कधी कुणाला दिसलं नाही. माझी बायको इंदू तांदूळ निवडता निवडता जंगलातली जडीबुटीवाली म्हातारी व्हायची.

आणि मी? मी कुणीच नव्हतो आणि बाकी सगळं मीच होतो. पाऊस मी, वाघ मी, दुष्काळ मी, शेजारच्या राज्याचा कपटी वकील मी. जो तो आपण काय करणार ते सांगायचा, कवड्या टाकायचा (उताण्या पडल्या की साधलं, पालथ्या पडल्या की फसलं), आणि पुढे काय झालं ते मी सांगायचो. ऑफिसात आमचे सेक्रेटरी मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीत. घरात माझं बोलणं रेडिओसारखं चालू असतं, म्हणजे कुणी ऐकत नाही. पण गुरुवारी मी नुसतं "पूर आला" म्हटलं की चार शहाणी माणसं पाय वर उचलून घेत. आता राजाच चालला म्हटल्यावर हे सगळं संपणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे सुधाकर जाणार होता. आम्ही दोघं एकाच वर्षी नोकरीला लागलो, एकाच खोलीत स्टोव्हवर भात करपवून खाल्ला. त्याच्याशिवाय गुरुवार म्हणजे काय, हे मला माहीतच नव्हतं आणि माहीत करूनही घ्यायचं नव्हतं.

"राजा गेला तं गेला," गुणवंता म्हणाला. "आपण रमी खेळू."

ते रमीचं नाव माझ्या जिव्हारी लागलं. सौंसर काही परमुलूख नाही, मी म्हणालो. राजा सौंसरला राहील आणि आपण पांढुर्ण्याला. खेळ एकच राहील. फक्त तो दोन्हीकडे एकदम मांडायची काहीतरी सोय शोधली पाहिजे.

सोय शोधणं सोपं नव्हतं. बसनं माणूस सौंसरहून इकडे येतो, पण परतीची शेवटची गाडी संध्याकाळीच सुटते, खेळ संपल्यावर जायला काही नाही. रेल्वे दोन्ही गावांना आहे. मात्र आमची मोठी लाइन आणि त्यांची छोटी लाइन, आणि दोघींची भेट थेट नागपूरला. म्हणजे राजानं शेजारच्या गावी येण्यासाठी आधी नागपूर गाठायचं. तेवढ्यात राज्य बुडतं.

चादरीचा प्रश्न मी पहिल्यांदा सोडवला. दोन्हीकडे नकाशा एकच हवा, म्हणून बाजारातून त्याच चौकडीची दुसरी चादर आणली आणि तिच्यावर सगळा मुलूख पुन्हा काढला. इंदू म्हणाली की लग्नाच्या वाढदिवसाला मी तिच्यासाठी कधी बाजारात एवढा वेळ उभा राहिलो नव्हतो. चादर सौंसरला पोचली आणि सुधाकरच्या बायकोनं, मालतीनं, ती त्याच दिवशी सोड्यात भिजवली. तिची चूक काय? नवऱ्याच्या मित्रानं डागांनी भरलेली चादर पाठवली तर कोणतीही बाई आधी तेच करेल. नदी गेली, घाट गेला, जंगल सगळ्या चादरीवर पसरलं. किल्ला तेवढा राहिला, तो मी पक्क्या शाईनं काढला होता.

"तुमच्या राज्यात निळा पूर आला जी," सुधाकरनं कळवलं.

तिसरी चादर रंगवून झाली तेव्हा शेजारचे पुंडलिकराव मधल्या भिंतीवर हात टेकून उभे होते. पुंडलिकराव तारखात्यातून रिटायर झालेले. रिटायर झाल्यापासून त्यांनी सल्ल्याचं काम हाती घेतलं होतं आणि त्यात सुट्टी नव्हती.

"काय करून राहिले, हिरामणजी?"

मी सांगितलं. त्यांनी तंबाखू मळला, ओठात ठेवला आणि विचारलं, "अन् तिकडे राजानं कवड्या टाकल्या, अन् म्हणे सगळ्या उताण्या पडल्या, तं तुम्ही पाह्याले जाता का?"

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. ओसरीवर बसलेल्या विजयमालाबाईंच्या डोक्यात मात्र तो तिथल्या तिथं जाऊन बसला. पोस्टकार्डांवर खेळ सुरू झाला आणि त्यांची भीती खरी ठरली. सौंसरला गेल्यापासून राजाच्या कवड्या कधी पालथ्या पडेनात. घोडा उधळला, कवड्या उताण्या. विषाचा पेला, कवड्या उताण्या. बाईंचे डाकू एकामागून एक पडत होते.

"असं नाही चालणार," बाई म्हणाल्या. "राजाच्या प्रत्येक डावावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही पाहिजे. आम्ही आमच्या मार्कशीटवर घेतो ना? मग?"

सुधाकरनं सौंसरला असा अधिकारी शोधला. जनावरांचे डॉक्टर. त्यांनी दोन वेळा सह्या दिल्या, तिसऱ्या वेळी विचारलं की हे नेमकं कशाचं प्रमाणपत्र आहे, आणि उत्तर ऐकून आपला शिक्का कपाटात ठेवून दिला. तरी पोस्टकार्डं चालली असती. पण पोस्टकार्ड उघडं असतं, आणि सौंसरच्या पोस्टमनला गोष्टीची गोडी लागली. तो कार्ड देताना दारातच सुधाकरला म्हणू लागला, "साहेब, उत्तरेच्या दरवाजानं जाऊ नका. बाई तिथं दबा धरून बसून राहिली आहे." हे गुपित मी ओसरीवरच्या गुणवंताकरता चिठ्ठीत लिहिलं होतं आणि चुकून राजाच्या कार्डावर गेलं होतं. पुढे पोस्टमनचं मत गल्लीत पसरलं, गल्लीचं मत बाजारात. राजाकडे प्रधानमंडळ तयार झालं. डाकूंनी कुठंही हल्ला केला तरी अख्खं सौंसर तयार बसलेलं. विजयमालाबाईंनी मला तोंडावर विचारलं की मी कोणाच्या बाजूनं आहे, आणि तीन दिवस आमच्याकडे चहा घेतला नाही.

"तार करा," भिंतीवरून पुंडलिकराव म्हणाले. "तार बंद राह्यते. अन् लवकर पोचते. मी इतके वर्ष काय झक मारली का?"

त्यांनी स्वतः मजकूर बसवून दिला. तारेत एकही शब्द फालतू असू नये याबद्दल ते फार कडक. मी लिहिलेलं संध्याकाळचं वर्णन, पक्ष्यांचा आवाज, किल्ल्यावरचा उदास चौकीदार हे सगळं त्यांनी खोडलं. उरलं एवढंच: "डाकू आत शिरले. काय करता?"

आता तारेचं आमच्याकडे कसं असतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तारवाला सायकलवरून गल्लीत वळला की ज्या दाराशी तो थांबेल तिथल्या बायका तार फोडायच्या आधी रडायला बसतात. दुसरं कशाकरता कोण तार करतं? सुधाकर ऑफिसात होता. मालतीनं तार हातात घेतली आणि ओट्यावर बसली. शेजारणी धावल्या. कुणी तिचं डोकं मांडीवर घेतलं, कुणी चूल विझवली. एका म्हातारीनं नावं घेऊन रडायला सुरुवात केली. नक्की कोण गेलं ते माहीत नसल्यानं तिनं मालतीच्या माहेरच्या सगळ्यांचीच नावं घेतली, आणि त्यात मालतीचा काका, जो त्याच वेळी त्यांच्याकडे पाहुणा आला होता आणि संडासाहून लोटा घेऊन परतत होता, तोही होता. शेवटी कुणीतरी तार फोडून वाचली. मग रडणं थांबलं आणि लोक काठ्या आणायला घरी गेले. म्हातारी मात्र नाराज झाली. इतकं रडल्यावर कुणीच मेलं नाही, हे तिला पटत नव्हतं.

"हिरामणभाऊजीला सांगजा," मालतीनं सुधाकरजवळ निरोप दिला, "पुन्हा तार आली तं मी स्वतः येऊन त्याईच्या दारात रडीन."

उरला फोन. आमच्या ओळखीत फोन एकच, बसस्टँडसमोर भाऊरावांच्या संत्र्याच्या आडतीत. सौंसरला सुधाकरच्या ऑफिसात एक होताच. गुरुवारी संध्याकाळी ट्रंक कॉल लावायचा असं ठरलं. आम्ही चौघं चादर घेऊन आडतीत गेलो आणि संत्र्याच्या रिकाम्या पेट्यांवर ती पसरली. एक्स्चेंजमधल्या चंद्रकलाबाईंनी लाइन जोडली. या बाईंचा आवाज सगळ्या पांढुर्ण्याला ओळखीचा होता, चेहरा फार थोड्यांना.

"जयभीम, सुधाकर!" मी ओरडलो. ट्रंक कॉलवर ओरडावंच लागायचं.

"जयभीम जी! तब्येत कशी आहे?"

"बरी आहे. तुयी? मालतीताई कशा आहेत? पोरगी शाळेत जाऊन राहिली का?"

मग इंदूनं फोन घेतला आणि मालतीनं मागच्या खेपेला दिलेल्या लोणच्याचं काय झालं ते सांगितलं. गुणवंतानं राम राम करून तिकडच्या पावसाची चौकशी केली. विजयमालाबाई एरवी राजाच्या जिवावर उठलेल्या, पण त्यांनीही विचारलं की मेसचं जेवण सोसतं का. मालती तिथंच असल्यानं मेसचा प्रश्नच नव्हता, हे समजावण्यात उरलेला वेळ गेला.

"तीन मिनिटं झाले," चंद्रकलाबाई म्हणाल्या आणि लाइन कापली. राजा किल्ल्याच्या दारात तलवार उपसून उभा होता, त्याला कुणी काही विचारलंच नाही.

पुढच्या गुरुवारी मी हुकूम काढला. कुणी कुणाची तब्येत विचारायची नाही. नेमका त्या दिवशी सुधाकरला खरोखरचा ताप होता. आम्हा चौघांपैकी एकानंही विचारपूस केली नाही म्हणून मालती बरेच दिवस रुसून होती. पण खेळ पुढे सरकला. आवाज तुटला की चंद्रकलाबाई मधेच सांगायच्या, "ते विचारून राहिले, जंगलाकडून गेलं तं चालते का?" हळूहळू त्या तीन मिनिटांची आठवण द्यायला विसरू लागल्या. एकदा तर लाइन कापायच्या आधी त्यांनी स्वतःच विचारलं, "मग त्या म्हातारीनं जडी दिली का नाई राजाले?" इंदूनं मान वर करून मोठ्या रुबाबात सांगितलं की ते पुढच्या गुरुवारी.

त्या पुढच्या गुरुवारी घात झाला.

बाहेर झड लागलेली होती. आडतीच्या पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की मला माझाच आवाज ऐकू येईना. विजयमालाबाईंची सगळी टोळी नदीपलीकडे जमली होती आणि राजापुढे एकच मार्ग उरला होता.

"ते विचारून राहिले, पूल तोडू का?" चंद्रकलाबाईंनी निरोप दिला.

"तोडा!" मी बेंबीच्या देठापासून ओरडलो. "पूल तोडून टाका! कोणालेच पलीकडे जाऊ देऊ नका!"

तिकडे कवड्या पडल्या. चंद्रकलाबाईंनी तिकडचं ऐकून सांगितलं, "उताण्या!" त्यांच्या शब्दावर विजयमालाबाईंचाही विश्वास होता.

"तुटला!" मी ओरडलो. मला त्या क्षणी खरोखर पाणी दिसत होतं. "सौंसरकडचा पूल तुटला! सगळे वाहून गेले! एकही वाचला नाई!"

विजयमालाबाई मटकन पेटीवर बसल्या आणि त्यांनी डोळ्याला पदर लावला. मी विजयी मुद्रेनं मागे वळलो. आडतीच्या दारात चाळीसेक माणसं भिजत उभी होती. ती सौंसरच्या बसची माणसं. त्यांनी फोनवर ओरडणारा माणूस पाहिला, रडणारी बाई पाहिली, आणि जे समजायचं ते समजले. कंडक्टर टपावर चढून सामान खाली टाकू लागला होता.

"अहो, पूल बिल काही तुटला नाही," मी म्हणालो. "सगळं ठीक आहे. गाडी जाऊ द्या."

इथं माझं चुकलं. मी मंडीत बाबू आहे हे सगळ्यांना माहीत. आणि आमच्याकडे सरकारी माणूस "सगळं ठीक आहे" म्हणाला की लोक आधी पोरंबाळं मोजतात.

"पाहा, दाबून राहिला," एक जण म्हणाला.

"वरून सांगितलं असन त्याले. तोंड उघडू नको म्हणून."

"अहो, खेळातला पूल आहे! चादरीवरचा! ही पाहा चादर!"

त्यांनी चादरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे दयेनं पाहिलं. धक्क्यानं माणसाचं असं होतं, एक बाई म्हणाली. भाऊरावांनी मला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. तोवर बाहेर पूल कोणता याबद्दल वाद सुरू झाला होता. प्रत्येकाला आपापल्या गावाजवळचा पूल आधीपासूनच कच्चा वाटत आला होता. त्यामुळे अर्ध्या तासात एकाचे चार पूल तुटले. मी जितकं नाकारत गेलो तितके ते तुटत गेले.

दुसऱ्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. आमच्याकडे माणसं मराठी, पण राज्य भोपाळचं, म्हणून ठाणं हिंदी. मुन्शी भला माणूस होता, पण त्याच्यापुढे कोरा कागद होता आणि तो भरल्याशिवाय त्याला उठता येत नव्हतं.

"पुल किधर का है?"

"साहब, पुल है ही नहीं."

"वही तो रिपोर्ट है," तो म्हणाला आणि लिहू लागला.

मी सगळी गोष्ट सांगितली. राजा, डाकू, जडीबुटीवाली. त्यानं शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं की डाकूंची माहिती ठाण्याला आधी का दिली नाही. शेवटी त्यानं कागद वर पाठवला. सरकारी कागद वर जातात आणि मग जिथं पडायला हवेत तिथंच पडतात. हा कागद पडला सौंसरला, ओव्हरसियर सुधाकरच्या टेबलावर. पुलाची तात्काळ पाहणी करून अहवाल द्यावा. स्वतः राजानं तोडलेला पूल राजानंच बघायचा होता.

गुरुवारी दुपारी आमच्या दारात सरकारी जीप थांबली. सुधाकर उतरला. इतक्या दिवसांनी त्याला समोर पाहून मला काय वाटलं ते मी सांगतो, मला रडू आलं. मी ते खोकल्यात घातलं. त्यानं फाइल ओसरीवर ठेवली आणि पेनाचं टोपण काढून तसाच बसला.

"कठीण आहे, हिरामणभाऊ. अफवा होती म्हणून लिहिलं तं वरून पहिला सवाल येईन, पसरवली कोणं? तिथं तुमचं नाव. सस्पेंड करतीन."

"मग तुटला म्हणून लिही."

"तुटला म्हटलं तं कोणता ते सांगा लागते. पुलाले नंबर राह्यते."

इंदूनं चहा आणला. कप ठेवून ती आत न जाता फाइलकडे बघत उभी राहिली, कारण मंडीतली नोकरी म्हणजे आमचं घर होतं, दुसरं काही नव्हतं. माझा सगळा रुबाब त्या ओसरीवर गळून पडला. एवढ्या मोठ्या मुलखाचा पाऊस मी पाडत होतो आणि आता एक साधा कागद मला वाहून नेणार होता.

सुधाकरनं चहा संपवला. मग एक ओळ लिहिली आणि सही केली. मी वाचली. "स्थल निरीक्षण जारी है."

"आता?"

"आता पुढच्या गुरुवारी पुन्हा येणं आलं ना जी," तो म्हणाला. "निरीक्षण चालू आहे म्हटल्यावर करा लागते." आणि त्यानं हसून विचारलं, "चादर कुठं आहे?"

त्यानंतरचे गुरुवार आमच्या राज्याचा सुवर्णकाळ. जीप दुपारी यायची, राजा उतरायचा, संध्याकाळी निरीक्षण व्हायचं, जेवण व्हायचं, आणि जीप राजाला घेऊन परत. सगळ्या जगातली कुठलीही सोय याच्यापुढे फिकी होती. नकाशा एक, कवड्या समोर, तब्येत विचारायला वेळच वेळ. चंद्रकलाबाई एक्स्चेंज सुटलं की यायच्या आणि शेजारच्या राज्याची राणी व्हायच्या. तेव्हाच त्यांचा चेहरा आम्ही पहिल्यांदा पाहिला. पुंडलिकराव भिंतीवरूनच तिन्ही पक्षांना सल्ला द्यायचे.

फाइल मात्र जाड होऊ लागली. वरून विचारणा यायच्या. पुलाची लांबी किती? सुधाकर प्रामाणिक माणूस, तो मनानं काही लिहीत नसे. चादरीवर चौकड्या मोजून लिहायचा. पुराची सर्वाधिक पातळी? तो माझ्याकडे बघायचा, मी डोळे मिटून सांगायचो. पुलाचं ठिकाण? इथं तो अडला आणि शेवटी त्यानं खरं तेच लिहिलं, "श्री हिरामण यांच्या घरी". पुढे कारकुनानं नक्कल करताना ते "घराजवळ" केलं.

आणि एका गुरुवारी संध्याकाळी दारात दुसरी जीप थांबली. तिच्यातून छिंदवाड्याचे मोठे साहेब उतरले. रेनकोट, टोपी, हातात आमची फाइल.

चादरीवर तेव्हा धुमश्चक्री चालली होती. विजयमालाबाई नवी टोळी जमवून, भाजीचा विळा उगारून नदीकाठी किल्ल्याच्या रोखानं धावून जात होत्या. तो विळा त्यांनी नुसता अंगात यावं म्हणून हाती घेतला होता. साहेब ओसरीच्या पायरीवर थांबले. कुणालाच उठायचं सुचलं नाही. सुधाकरचा चेहरा त्या धुतलेल्या चादरीसारखा झाला.

"पुल दिखाइए," साहेब म्हणाले.

मग मी चादरीवर बोट ठेवलं. नदीवर संत्र्याच्या पेटीची एक छोटी फळी आडवी ठेवली होती, मधून मोडलेली. मी सगळं सांगितलं. दोस्ताची बदली, चादर, तार, फोन, पाऊस, सगळं. सुधाकरचा काही दोष नाही, जी शिक्षा असेल ती मला द्या, मी म्हणालो. आमच्या सेक्रेटरींपुढे मला जमत नाही, पण त्या दिवशी मी माझं एक आख्खं वाक्य पूर्ण केलं आणि त्यानंतर पुष्कळ वाक्यं पूर्ण केली.

साहेबांचा चेहरा लाल झाला. त्यांनी ओरडायला तोंड उघडलं आणि फाइल उघडली. पहिलं पान वाचलं. दुसरं उलटलं. मग तिसरं जरा हळू उलटलं. प्रत्येक पानाखाली त्यांचीच सही होती. हा पूल त्यांनी भोपाळला कळवला होता, तिथल्या बैठकीत त्याच्यावर बोलले होते, त्याच्या खांबांबद्दल चिंता व्यक्त केली होती. त्यांचं तोंड हळूहळू मिटलं.

त्यांनी फाइल बंद केली, सुधाकरकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

"पुल की अभी क्या स्थिति है?" त्यांनी हलक्या आवाजात विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. सुधाकर, इंदू, चंद्रकलाबाई, भिंतीवरून पुंडलिकराव, आणि ज्यांच्यापुढे जिल्हा उभा राहतो ते साहेब. पूल झाला म्हटलं तर सुधाकर उद्यापासून सौंसरचा. पूल नाही म्हटलं तर माझी नोकरी गेली. मी फळीचा मोडका तुकडा उचलला, नीट बघितला आणि पुन्हा नदीवर ठेवला.

"साहेब," मी म्हणालो, "काम चालू आहे."

त्यांनी मान डोलावली. असं उत्तर त्यांनी आयुष्यात हजारदा ऐकलं असावं, पण इतक्या कृतज्ञतेनं कधी ऐकलं नसावं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि उभ्या उभ्याच फाइलवर तेच लिहिलं. मग सुधाकरला म्हणाले, "हर गुरुवार निरीक्षण होना चाहिए. ढील नहीं चलेगी," आणि पायरी उतरले.

"अहो साहेब!" विजयमालाबाई विळ्यासकट उठल्या. "तुमचं काम चालू, मग माझी टोळी तोवर अलीकडेच कुजणार का? आम्ही नदी उतरायची कुठून?"

साहेब पावसात थांबले. परत आले, रेनकोटवरचं पाणी ठिबकवत चादरीवर वाकले, नदीच्या वरच्या अंगाला कुठं ती अरुंद आहे ते बोटानं शोधलं आणि म्हणाले, "मैडम, यहाँ से डायवर्शन दे देते हैं. सुधाकर, नोट करो."

सुधाकरनं नोट केलं. बाईंनी कवड्या उचलल्या.